दोन प्रथिनांच्या बियाण्यापासून कामगंध सापळ्यांपर्यंत: आमची वाटचाल

आमचं कृषी केंद्र यवतमाळ जिल्ह्यातलं, गिऱ्हाईक बहुतेक कापूसवालं. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा बियाण्यात जिवाणूचं एकच अळीमारक प्रथिन होतं, क्राय१एसी. २००६ पासून क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी जोडी असलेलं बीजी-२ बियाणं आलं. दोन्ही प्रथिनं अळीच्या आतड्यात वेगवेगळ्या जागी चिकटतात. एक पचवणारी अळी दुसऱ्यानं मरते. पण दोन्ही शाबूत असतील तरच. गुलाबी बोंडअळीनं गुजरातेत क्राय१एसी पचवल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. तिच्यासाठी जोडीतलं एकच प्रथिन उरलं होतं, पुढे तेही तिनं पचवलं.

त्यात आपलं बियाणं संकरित. म्हणून बोंडातल्या काही सरक्यांत दोन्ही प्रथिनं, काहींत एकच, काहींत एकही नाही. ही अळी सरकीच खाते, म्हणजे तिला सराव बोंडातच मिळतो. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते; तिथले पतंग मिसळत राहिल्यानं तिची प्रतिकारशक्ती वाढायला वेळ लागतो. गुलाबीचं जवळजवळ सगळं आयुष्य कपाशीवर. म्हणूनच, असे पतंग मिसळावेत यासाठी, ४५० ग्रॅम बीटी पाकिटासोबतचं १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं कडेनं पाच ओळी लावायचं होतं. ते बांधावर पडून राहिलं, आणि विकताना आम्हीही पुरेसं समजावलं नाही.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली; त्यानंतर दुकानात कामगंध सापळ्यांना, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यांना, बियाण्याइतकीच जागा आहे. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन, शेंड्याच्या फूटभर वर. लुअर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, तीन-चार आठवड्यांनी बदला. तंबाखूच्या हातानं धरू नका. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले की फवारणीची वेळ.

पण नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं फोडा. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, कारण अळी शिरल्याचं भोक भरून येतं. आत कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र, पिवळट पडलेली रुई आणि पोखरलेली सरकी. वीसात दोन सापडली तरी थांबू नका. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून उशिराची फवारणी पाण्यात जाते. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, दिसतील तशा वेचून जाळा. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पीक पुढे राखणं, नको; डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा. जिनिंगजवळच्या शेतांत सापळे थोडे आधी लावा, तिथल्या सरकीतून पतंग निघत राहतात.