मोरचूद, लोखंडी खिळा आणि दोन इलेक्ट्रॉन

'विद्युतभारित अणू म्हणजे आयन' ही व्याख्या नववीतल्या माझ्या मुलीला तोंडपाठ होती. पण एक-दोन इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे झाल्याने पदार्थात असा काय फरक पडतो, हे तिला पटेना. शंका रास्तच होती. प्रोटॉनपेक्षा सुमारे १८३६ पट हलका तो कण. गेला काय नि राहिला काय!

शेती सेवा केंद्रातून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणलं. ते विषारी, म्हणून स्वयंपाकघरातलं भांडं न घेता काचेची जुनी बरणी त्यासाठीच कायमची काढून ठेवली, हातमोजे घातले. पाण्यात विरघळून छान निळं द्रावण झालं. शेजारी तांब्याच्या वायरीचा सोललेला तुकडा ठेवला आणि म्हटलं, दोन्हीकडे तांबंच आहे.

"आई, काहीही! हे लाल, ते निळं."

तांब्याच्या अणूत २९ प्रोटॉन आणि २९ इलेक्ट्रॉन. द्रावणातल्या आयनात प्रोटॉन तेच २९, इलेक्ट्रॉन मात्र २७. मूलद्रव्य कोणतं ते प्रोटॉन ठरवतात. रंग आणि वागणं बरंचसं इलेक्ट्रॉनांच्या हाती. (भोवती पाण्याचे रेणू असतात म्हणून हा आयन निळा दिसतो, मोरचूद तापवून त्यातलं पाणी घालवलं की ते पांढरं पडतं.)

खिळा पॉलिश पेपरने घासून, दोरा बांधून द्रावणात सोडला. काही मिनिटांतच त्यावर तांबूस थर धरू लागला. दुसऱ्या दिवशी निळा रंग बराच फिकट, हिरवटसर झाला होता.

तेवढ्यात तिने विचारलं, "एवढे भारित कण आहेत, मग बरणीला हात लावल्यावर शॉक का बसत नाही?" हा प्रश्न मला फार आवडला. एक गंधक आणि चार ऑक्सिजन मिळून झालेला सल्फेट आयन दोन जादा इलेक्ट्रॉन बाळगून असतो, त्यामुळे एकूण भार शून्य. आयन द्रावणात सुटे असतात, हे स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियसने १८८४ साली मांडलं तेव्हा जाणत्या रसायनशास्त्रज्ञांनाही ते जड गेलं होतं. पाण्यात पडताच भडकणारं सोडियम मिठाच्या पाण्यात गप्प कसं राहील, हा त्यांचा आक्षेप. ते सोडियमचे अणू नव्हेत, आयन आहेत, हेच त्याचं उत्तर.

खिळ्याचं गणित तिने वहीत स्वतः मांडलं. लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला दिले. लोखंडाचे इलेक्ट्रॉन २६ वरून २४, तांब्याचे २७ वरून २९. बेरीज आधीही ५३, नंतरही ५३.