अर्धं मडकं

अप्पा बळवंत चौकातून परतताना, दुपारी अडीचच्या उन्हात, फुटपाथवर मांडलेल्या जुन्या पुस्तकांपाशी मी थांबले ती खरं तर सावलीसाठी. स्पर्धा परीक्षांची गाईडं, पिवळे पडलेले दिवाळी अंक, कुणाच्या तरी इंजिनिअरिंगची चारही वर्षं. त्या सगळ्याखाली पुठ्ठा निखळलेलं एक जाडजूड पुस्तक. उघडलं तर मडकी. पानंच्या पानं मडकी.

"मडक्यांचं आहे ताई," पुस्तकवाला म्हणाला. "तुम्ही करता का मडकी?"

"नाही. नुसती बघते."

"बघायचे साडेतीनशे."

दिले. घासाघीस करायचं भानच राहिलं नाही, कारण तोवर पहिलं पान दिसलं होतं. नेवासा! १९५४ ते ५६ मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांनी तिथे खोदकाम केलं, त्याचा डेक्कन कॉलेजने १९६० साली छापलेला अहवाल. माझं आजोळ नेवाशाचं. पुस्तकाचं इंग्रजी नावही मजेशीर आहे, इतिहासाकडून प्रागितिहासाकडे. उलटं वाटतं, पण खणणारा वरून खाली जातो, त्याला नातवंडं आधी भेटतात आणि पणजोबा शेवटी.

मडक्यांची सचित्र पुस्तकं हा माझा जुना नाद. मला माती मळता येत नाही, चाक मी कधी फिरवलेलं नाही, तरी घरात असली चार पुस्तकं आहेत. त्यातली दोन परदेशी, गुळगुळीत कागदाची, मांडीवर घेतली तर पाय झोपतो. फोटो असे की पेल्याला हात लावावासा वाटतो. पण तो पेला केवढा? अंगठ्याएवढा की बादलीएवढा? कुठे म्हणून लिहिलेलं नसतं. एका निळ्या सुरईवर मी वर्षभर जीव टाकला आणि मग कळलं की ती माणसाच्या छातीएवढी उंच आहे. तेव्हापासून फोटोत शेजारी पट्टी नसेल तर मी पुस्तक विकत घेत नाही. उत्खननाच्या अहवालात ही फसवणूक नसते. प्रत्येक मडक्याशेजारी काळ्यापांढऱ्या घरांची मोजपट्टी इमानदारीत उभी असते.

आणि रेखाटनं! मडक्याच्या मधून एक उभी रेघ. डावीकडे मडकं कलिंगडासारखं उभं कापलेलं, भिंतीची जाडी काळ्या शाईने भरलेली. उजवीकडे त्याच मडक्याचा बाहेरचा चेहरा, नक्षीसकट. म्हणजे एकाच चित्रात पोटातलंही आणि ओठातलंही. बहुतेक वेळा हाती लागलेला असतो फक्त काठाचा चतकोर तुकडा. तो एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर पालथा धरायचा, ज्या वर्तुळाशी त्याची गोलाई जुळेल तेवढं त्या मडक्याचं तोंड. उरलेलं सगळं मग त्या काठावरून. भाताची परीक्षा शितावरून करणाऱ्या बायकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पण या पुस्तकांत एक मोठी खोट आहे. चित्रं आहेत, नावं नाहीत. 'प्रकार ७ अ', 'प्रकार ७ ब'. आणि आपल्या कोशांत बरोबर उलटं. नावं आहेत, चित्रं नाहीत. डेरा बघा, रांजण बघा, केळी बघा, मोघा बघा, तवली बघा, उत्तर ठरलेलं: मातीचे एक भांडे. कुंभारणीसमोर असा अर्थ सांगितला असता तर तिने पाटी उचलून घरचा रस्ता धरला असता.

ती यायची संक्रांतीच्या आधी. ओटीवर पाटी उतरवायची आणि सुगडं, बोळकी, पणत्या, वेळण्या पेंढ्यातून एकेक काढायची. आजी प्रत्येक सुगड डाव्या तळव्यावर घ्यायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायची. खण्ण वाजलं की उजवीकडे. भद्द वाजलं की कुंभारणीकडे परत, न बोलता. "वाजवून घ्या आक्का, वाजवून घ्या," कुंभारीण म्हणायची, पण परत आलेलं सुगड पाटीत ठेवताना तिचा चेहरा असा व्हायचा, जणू पोरगी बघायला आलेल्यांनी नकार दिलाय. आम्ही पोरं नाकारलेली सुगडं पुन्हा वाजवून पाहायचो. आम्हाला सगळी सारखीच वाजायची.

मावशी त्या थंडीत माहेरीच होती. ओटीवर यायची नाही, माजघरात बसून असायची. कुंभारीण आत डोकावून "कशी हायेस गं माय" एवढं म्हणायची आणि आजी लगेच सुगडांच्या भावाचा विषय काढायची. रात्री आम्ही गोष्टीसाठी मागे लागायचो. आजीने त्या वर्षी गोरोबाकाकांची एकच गोष्ट सांगितली, थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून बघितली आणि नामदेव कच्चं मडकं निघाला ती. नामदेवाची फजिती ऐकून आम्ही लोळायचो. चिखल तुडवतानाची गोष्ट मात्र तिने त्या वर्षी सांगितली नाही. मागितली तर म्हणायची, झोपा आता.

तर टिचकी. अहवालात जोर्वे पद्धतीच्या भांड्यांचं वर्णन येतं. हे जोर्वे प्रवरेच्याच काठचं, संगमनेरजवळचं. गाळून घेतलेली बारीक माती, चाकावर घडवलेली पातळ अंगाची भांडी, लाल पृष्ठावर काळ्या रंगात चौकटी, जाळ्या, तिरप्या रेघा. इसवी सनापूर्वी १४००च्या पुढेमागे सुरू झालेला हा प्रकार. आणि भाजणी अशी पक्की की ठोकलं तर धातूसारखा आवाज येतो. म्हणजे एवढ्या मोठ्या विद्वानांनीही शेवटी टिचकीच मारली! मी ते वाक्य तीनदा वाचलं. आजीला दाखवायला हवं होतं. ती म्हणाली असती, त्यात काय, कुणीही वाजवूनच घेतं.

आमचा या भांड्यांशी संबंध त्याहून खालच्या पातळीवरचा. नदीकाठी ठिक्करपाणी खेळायला खापऱ्या लागायच्या. चपटी, हातात बसणारी, घरात टाकल्यावर न उसळणारी खापरी मिळणं हे नशीब. काठावर आणि लाडमोडच्या टेकाडाच्या पायथ्याशी त्यांचा खच असायचा. माझी एक लाडकी खापरी होती, लालसर, तिच्यावर काळ्या तीन तिरप्या रेघा. कडा दगडावर घासून मी ती गोल केली होती. रेघा कुणी मारल्या असतील हे कधी डोक्यातही आलं नाही. खापरीला नक्षी असतेच, शंखाला असते तशी. आता अहवालातलं ते पान समोर आहे आणि तशाच तीन रेघा एका वाडग्याच्या खांद्यावर आहेत. मी काय घासून गोल केलं, कोण जाणे. खापरी पुढे सातवीत असताना हरवली. मुंबईच्या मामेभावाने ढापली असा माझा संशय अजून आहे.

घरी आल्यावर मी पेन्सिल घेतली आणि चित्रांखाली नावं लिहायला बसले. छापील अहवालात लिहिणं पाप, पण पुठ्ठा निखळलेलाच होता. पसरट ते परळ. गळ्याचं ते लोटकं. पुढे अडले, तेव्हा नगरला मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी आता ब्याऐंशीची आहे.

"हे अर्धंच का काढलंय?" पहिला प्रश्न.

"कापून दाखवलंय. आतलं दिसावं म्हणून."

"कशाला कापायचं चांगलं मडकं. ते काय लिहिलंयस खाली, वेळणी? वेळणीला एवढा काठ असतो का? झाकण कसं बसायचं मग? खोड ते."

खोडलं. मावशीने पुढची पंधरा मिनिटं माझी सगळी नावं तपासली. तीन पास केली. एका बुटक्या, कमरेत कंगोरा असलेल्या वाडग्यापाशी ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "असलं आपल्याकडे नव्हतं. पण ताक प्यायला बरं आहे." दारूच्या रोमन सुरयांचे तुकडे मी घाईघाईने उलटले, त्यांची नावं तिला विचारण्यात अर्थ नव्हता. मग तोटीचं भांडं आलं, फुगीर पोटाचं, पसरट तोंडाचं, बाजूला वर वळलेली तोटी.

"बोंडलं!" मावशी म्हणाली.

मी पट्टी लावून मोजलं, प्रमाणाने गुणलं. "मावशी, यात शेरभर दूध मावेल. तान्ह्याला पाजायचं बोंडलं कसलं?"

"मग मोठ्या घरचं असेल," ती म्हणाली आणि हसली. मी लिहिलं, बोंडलं, प्रश्नचिन्ह.

पान उलटलं. या पानावर दोन मडकी आडवी होती, तोंडाला तोंड लावून. राखी मातीची, ओबडधोबड, रुंद तोंडाची. हे मला माहीत होतं, तरी असं समोर येईल हे ध्यानात नव्हतं. लहान मूल गेलं की त्या लोकांनी त्याला अशा दोन मडक्यांत निजवलं आणि घराच्याच जमिनीखाली पुरलं. गावाबाहेर नाही. जिथे चूल पेटायची, जिथे बाकीची पोरं झोपायची, तिथेच खाली. शेजारी तोटीचं भांडं आणि वाडगा ठेवायचे. नेवाशात अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत ओवलेला धागा थोडासा शिल्लक होता.

पेन्सिल हातात होती. फोनमध्ये मावशी चष्मा वर करून वाट बघत होती.

"पुढचं दाखव की."

"पुढे नुसते तक्ते आहेत मावशी. आकड्यांचे."

"मग ठेवते. पाणी आलंय, भरून घेते."