कोर्ट कुणाचं?

आज सार्वजनिक बॅडमिंटन कोर्टाच्या नव्या नियमांवर बैठक होती. कोर्ट सगळ्यांचं, आणि वेळही सगळ्यांना एकच हवी, संध्याकाळची!

"आधी येईल त्याला" हा नियम ऐकायला सरळ. पण आधी येऊ कोण शकतं? ज्याच्याकडे रिकामा वेळ आहे तो. ऑनलाइन बुकिंग केलं, तर एकच ग्रुप वेगवेगळ्या नावांनी आठवडाभराचे स्लॉट अडवतो आणि निम्म्या वेळा फिरकतही नाही. नेट बांधलेलं, दिवे चालू, कोर्ट रिकामं, आणि दाराबाहेर रॅकेट घेऊन ताटकळणारी पोरं. डोकंच फिरतं.

शेवटी ठरलं ते असं: गर्दीच्या वेळी माणशी आठवड्याला दोनच स्लॉट, दहा मिनिटं उशीर झाला की स्लॉट मोकळा, काही स्लॉट सोडतीने. कोचिंगला दुपार. कोचसाहेब रुसले. रुसू देत.

दंडावर मात्र जुंपली. एक काका म्हणाले, एकदा चुकला की महिनाभर बंदी! मला नाही पटलं. सामायिक कुरणं, पाटाचं पाणी अशा व्यवस्थांचा अभ्यास करून २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना दिसलं होतं, की ज्या व्यवस्था टिकल्या तिथे शिक्षा पायरीपायरीने चढते, आणि नियम ठरवताना वापरणारे स्वतः सामील असतात. पहिलं काकांनी कुरकुरत मान्य केलं. दुसऱ्याची बोंबच होती: खोलीत बायका मोजक्या, शाळकरी पोर एकही नाही. पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा, असं लेखी देऊन आलेय.