पाण्याखालचा पत्ता

परवा दुपारी कपडे मशीनला टाकताना शर्टाच्या खिशात मासे गरवायचा जिग सापडला. वाटाण्याएवढंही नसलेलं शिशाचं डोकं, त्यातून निघालेला गळ, मागे पोपटी पिसांचं शेपूट. शेजाऱ्यांनी दिलेला. इथे मिझुरीत आल्यापासून त्यांनी मला काय काय दिलंय! बोटीत जागा दिली, गाठ मारायला शिकवली, तळणीसाठी मक्याचं पीठ दिलं. झुडपांचा पत्ता मात्र त्यांनी सख्ख्या जावयालाही सांगितलेला नाही.

झुडपं म्हणजे पाण्यातली. क्रॅपी हा इथला गोड्या पाण्यातला मासा. वसंतात अंडी घालायला काठाशी येणारा हा क्रॅपी उन्हाळ्यात पंधरा-वीस फूट खाली सावलीला जाऊन बसतो. इथल्या टेबल रॉक तलावाचं धरण 1958 साली झालं. तेव्हा बुडालेली झाडं आता कुजत चालली आहेत. म्हणून लोक कुरणात माजलेले सीडर तोडतात, बुंध्याला सिमेंटचे ठोकळे बांधतात आणि बोटीवरून ढकलून देतात. नाताळनंतर घराबाहेर पडलेली ख्रिसमसची झाडंही याच वाटेनं जातात. फांद्यांवर शेवाळ धरतं, शेवाळावर किडे येतात, किड्यांमागे बारकी मासळी आणि तिच्यामागे क्रॅपीराव. लांबून दुसरी बोट येताना दिसली की आमचे शेजारी गळ वर घेतात आणि सँडविच खायला बसतात. भूक असो वा नसो.

मला याचं नवल वाटलं नाही. देवगडच्या खाडीत मामांबरोबर गरवायला जायचो, तेव्हाची गोष्ट. एका वळणावर, कांदळाच्या मुळांशी, बुडालेला खडक होता. नायलॉनची दोरी, शिसं आणि गरीला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी. तांबोशीनं ओढ दिली की दोरी बोटात रुतायची, आणि एकदा ती मुळांत शिरली की दोरीसकट गेलीच. मामा मागून ओरडायचे, “ओढ रे, बघतंस काय!” घरी येताना वाटेत कुणी विचारायचं, “खंय गावली?” मामा म्हणायचे, “पाण्यात.”

क्रॅपीला ओढ अशी नसतेच. त्याचे डोळे डोक्यात वर, नजरही वर. त्यामुळे जिग त्याच्या डोक्यावर लोंबत ठेवायचा, जवळजवळ न हलवता. तो अलगद वर येतो, घास घेतो आणि तसाच वर चढतो. मग ताणलेली दोरी एकदम सैल पडते. तेवढीच खबर. हिसका द्यायचा नाही, नुसतं मनगट उचलायचं. त्याचे ओठ इतके पातळ की मामांच्या पद्धतीनं ओढलं तर फाटून हातात काहीच यायचं नाही. गळाची तारही मुद्दाम बारीक. फांदीत अडकला तर सावकाश ओढायचं, गळ सरळ होऊन सुटतो. पक्कडीनं वाकवला की पुन्हा कामाला.

आता हे सगळं सोपं झालंय. सरकारी खातंच स्वतः बुडवलेल्या झुडपांचे नकाशे जाहीर करतं. वर ती नवी सोनार यंत्रं, ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारी. पडद्यावर मासा दिसतो, जिगकडे वळतानाही दिसतो. उपयोगाचं आहे, मान्य. पण मासा आधी दिसला की माझा त्यातला रसच जातो. बघूनच घ्यायचा असेल तर मासळीबाजार काय वाईट? तिथे घासाघीस तरी करता येते.

मामा गेले. खडक नेमका कुठल्या वळणावर, हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मामेभाऊ अजून फोनवर विचारतो, तू तर त्यांच्यासोबत जायचास. मी आठवत नाही म्हणून सांगतो. मग विषय बदलायला त्याला क्रॅपीचा फोटो पाठवतो. तो म्हणतो, “गोड्या पाण्यातलो मासो तो, तेका चव खंयची!”

चव बरी असते खरं तर. पण देवगडच्या माणसाशी माशावरून वाद कोण घालणार?