महालातील कार्यालयाचा सामायिक प्रिंटर : रांग मार्गी लागली, कागदाचे काम सुरू

नागपूरच्या महाल भागातील एका वाचनालयाच्या कार्यालयात जुना यूएसबी लेझर प्रिंटर एकाच संगणकाला जोडलेला असे आणि तो संगणक बंद असला की इतरांची छपाई थांबत असे. आता प्रिंटर रास्पबेरी पाय या सतत चालू ठेवता येणाऱ्या छोट्या संगणकाला (पुढे नुसते ‘पाय’) जोडला असून त्यावर कप्स ही छपाई-व्यवस्था बसवली आहे. कप्स १९९९ पासून उपलब्ध आहे आणि आयपीपी या जाळ्यावरून छपाई करण्याच्या प्रणालीने ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जाळ्यावरच्या ठरलेल्या दारावर, छपाईची कामे स्वीकारते आणि रांगेत लावते. विंडोजच्या संगणकांवर सर्वसाधारण पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर (पान छपाईच्या सामायिक भाषेत मांडून पाठवणारा प्रोग्रॅम) ठेवला आहे. प्रिंटरचा स्वतःचा ड्रायव्हर फक्त पायवर आहे, त्यामुळे उद्या प्रिंटर बदलला तरी बदल एकाच ठिकाणी करावा लागेल. या साऱ्या उभारणीचा गाभा मला हाच वाटतो.

राउटरमध्ये पायच्या मॅक पत्त्यापुढे (यंत्राची कायमची ओळख) एक आयपी पत्ता (जाळ्यावरचा पत्ता) राखून ठेवला आहे, म्हणजे तो बदलत नाही. संगणकांवर प्रिंटर आपोआप दिसणाऱ्या यादीतून निवडण्याऐवजी तो पत्ता आणि रांगेचे नाव हाताने भरले. कप्स मुळात फक्त स्वतःच्या यंत्रावरून आलेली कामे स्वीकारते, म्हणून तिला जाळ्यावर ऐकायला लावताना परवानगी स्थानिक जाळ्यापुरतीच दिली.

सर्वाधिक वेळ विजेच्या प्रश्नाने घेतला. उन्हाळ्यात वीज मध्येच जाते. राउटर आणि पाय यूपीएसवर तग धरतात, पण लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये, कारण कागदावर टोनर वितळवून बसवणारा फ्यूजर तापताना एकदम मोठा भार ओढतो. शिवाय या जातीच्या प्रिंटरमध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम, कायमचे साठत नाही. वीज परतली की प्रिंटर चालू तर होतो, पण फर्मवेअर पुन्हा पाठवल्याशिवाय छापत नाही. यासाठी पायवर एक यूडेव्ह नियम (उपकरण जोडले जाताच काय करायचे हे सांगणारी सूचना) लिहिला असून प्रिंटर यूएसबीवर दिसताच तो फर्मवेअर चढवतो. त्यासोबत रांगेचे त्रुटी-धोरण ‘प्रिंटर थांबवा’वरून ‘काम पुन्हा करून पाहा’ असे केले, त्यामुळे अडकलेली कामे कोणी कप्सच्या प्रशासन-पानावर जाऊन रांग सुरू करण्याची वाट पाहत बसत नाहीत. अशीच उभारणी करणाऱ्या मंडळींनी हे दोन्ही बदल एकत्रच करावेत. एकाच बदलाने अर्धेच काम होते.

कागदाचा आकार हा पुढचा विषय. ड्रायव्हरमध्ये अनेकदा मूळ आकार लेटर, म्हणजे २१६ × २७९ मिलिमीटर असतो, आणि ट्रेमध्ये २१० × २९७ चा ए४ असल्याने प्रिंटर कागद मागत दिवा लुकलुकवतो. कार्यालयाला प्रतिज्ञापत्रांसाठी ३५६ मिलिमीटर लांबीचा लीगल कागदही लागतो. त्यामुळे एकाच प्रिंटरच्या दोन रांगा केल्या, एक ए४ ची आणि एक लीगलची. मात्र प्रोग्रॅमने पाठवलेला आकार रांगेच्या मूळ आकारावर मात करतो, म्हणून प्रत्येक संगणकावर छपाईच्या पसंतीतही तोच आकार नोंदवणे आवश्यक आहे. ते काम अजून सर्व संगणकांवर पूर्ण झालेले नाही. पावसाळा लागण्यापूर्वी कागदाचे गठ्ठे बंद कपाटात हलवायचे आहेत, कारण ओलसर कागद वाकतो आणि आत अडकतो.