सात घरं फिरून झाल्यावर

दुपारच्या वेळी लिफ्ट खाली यायला वेळ लावते आणि भिंतीवरचे सगळे कागद वाचून होतात. टाकी धुण्याची तारीख, पार्किंगचे नवे नियम आणि त्याखाली निळ्या पेनने: ‘मांजरीची पिल्लं देणे आहेत. वय १ महिना. खूप गोड.’

गोड आहेतच. सगळी अडचण तिथेच आहे. मांजराचं पिल्लू महिन्याचं असताना जितकं गोजिरवाणं दिसतं तितकं पुढे कधीच दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते आईपासून उचलायचं नसतं. कमीत कमी ८ आठवडे. १२ झाले तर सोन्याहून पिवळं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: लहानपणीच आणलं की लळा लागतो. अर्धं खरं आहे. माणसाच्या वासाची, आवाजाची सवय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातच पक्की होते. त्यानंतर पहिल्यांदा माणूस पाहिलेलं पिल्लू बहुतेक वेळा गाडीखालीच बसून राहतं. पण त्यासाठी पिल्लू वर आणायची गरज नाही, आपण खाली जावं. रोज पंधरा-वीस मिनिटं पार्किंगमध्ये बसावं, भाटीला, म्हणजे पिल्लांच्या आईला, काहीतरी खायला घालावं, तिची हरकत नसेल तर एकेक पिल्लू हातात घेऊन परत ठेवावं. वॉचमन विचित्र नजरेने बघेल. बघू द्यावं.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात खाली जे चालतं ते माणसाला शिकवता येत नाही. दोन पिल्लं स्कूटरच्या स्टँडपाशी कुस्ती खेळत असतात. एक दुसऱ्याचा कान धरतं, जोरात. दुसरं किंचाळतं आणि उठून चालू लागतं. खेळ बंद. कान चावणारं तिथेच गोंधळून बसतं. असं दिवसातून पन्नासदा झालं की त्याला कळतं, दात किती रुतवायचे आणि नख्या कधी आत घ्यायच्या. महिन्याचं असताना एकटं उचलून आणलेलं पिल्लू हा वर्ग चुकवतं आणि मग सहा महिन्यांनी घरातल्या आजींच्या घोट्यावर शिकवणी सुरू करतं. लोक म्हणतात, मांजर बिथरलं. बिथरलेलं नसतं, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणूनच एका पिल्लापेक्षा दोन भावंडं आणणं सोपं. ती एकमेकांना सांभाळतात, खर्च तेवढा दुप्पट.

वय मात्र देणाऱ्याच्या तोंडून ऐकू नये. ‘दोन महिन्यांचं असेल की’ हे वाक्य कुठल्याही पिल्लाला लागू पडतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा. पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि पुढे महिन्याला अंदाजे ४०० ग्रॅमने वाढतं. म्हणजे दोन महिन्यांचं ८०० ते ९०० च्या घरात भरायला हवं. रस्त्यावरचं थोडं हलकं निघेल. मग ओठ हळूच वर करून दात बघावेत. पुढचे बारीक दात आणि सुळे महिन्याभरात येतात, दाढा शेवटी. दुधाचे २६ दात दोन महिन्यांच्या आसपास पुरे होतात. डोळे अजून निळे असतील तर बहुधा सहा आठवडेही झालेले नाहीत.

पूर्वी ही मोजदाद कुणी केली नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या चाळींत मांजर आणायचं नसायचं, ते यायचं. माळ्यावर, लाकडांच्या ढिगामागे, कुणाच्या तरी जुन्या गाद्यांत भाटी व्यायची आणि मग पिल्लांना मानेला धरून सात घरं फिरवायची. वाऱ्यावर सोडलेली म्हण वाटते, पण भाटी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून खरोखरच जागा बदलते. आधी मेलेला उंदीर आणून टाकते, मग अर्धमेला, मग धडधाकट. सातव्या घरी पोचेपर्यंत पिल्लू दूध तोडून शिकारीला लागलेलं असायचं. वय मांजर ठरवायची, घरही तीच ठरवायची. आता दारं बंद असतात, चौदाव्या मजल्यावर ती कुठून येणार?

चाळीतली मांजरं दूधभातावर वाढली हाही असाच एक समज. दूधभात दिसायचा, पाली आणि उंदीर दिसायचे नाहीत. मांजराला टॉरिन लागतं, ते मांसातून मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. घोडबंदर रोडच्या बंद फ्लॅटमध्ये पाल मिळाली तर मिळाली. तेव्हा पिल्लांसाठीचं विकतचं खाणं किंवा मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. नुसत्या चिकनवर कायमचं ठेवू नये, कॅल्शियम कमी पडतं. गाईच्या दुधाने बहुतेकांना जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब एका दिवसात लोळवतात.

बाकीचं पटकन. शी-शूच्या ट्रेची कड कमी उंचीची हवी, चढता आलं पाहिजे. ओलं झालं की गोळा होणारं लिटर (ट्रेमधली वाळू) सुरुवातीला नको, पिल्लं ते खातात. पहिले काही दिवस एकच खोली, आणि भाटीच्या जागेवरचं फडकं सोबत. ग्रिलच्या गजांतून दोन महिन्यांचं डोकं सहज निघतं आणि डोकं गेलं की सगळं गेलं, म्हणून जाळी आधी, पिल्लू नंतर. फिनेलने लादी पुसणं बंद. पिल्लू पंजे चाटतं आणि मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. क्रोसिनची गोळीही तशीच, अर्धीसुद्धा जीव घेते. ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची) पहिली लस आठव्या आठवड्याच्या सुमारास, मग तीन-चार आठवड्यांनी परत, शेवटची १६ आठवडे झाल्यावर, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती नक्की कधी ओसरेल ते सांगता येत नाही. रेबीजची तीन महिने झाल्यावर.

आणि दिवसभर घराला कुलूप असेल, तर माझ्या मते योग्य वय दीड वर्ष. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, ट्रेची सवय लागलेली, स्वभाव कळलेला, पडदे चढून झालेले. असे बोके ठाण्यात हवे तेवढे मिळतात. फक्त त्यांच्यासाठी फोन करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पिल्लू नाही का एखादं?’