आमची वाटचाल: आधी प्रेस थांबते का ते बघतो

भोसरी एमआयडीसीत मी आठ वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर, डाय (साचा) बसवणारा सेटर होतो. एका सेकंड शिफ्टला शेजारच्या प्रेसवरच्या मुलाची दोन बोटं गेली. तुकडा वाकडा बसला म्हणून त्याने हात परत आत घातला आणि पाय पायडलवरच होता. दवाखान्यात मीच घेऊन गेलो. परत आलो तर डाय पुसून त्याच प्रेसवर दुसरा माणूस बसवलेला. तिथून माझं मन उठलं.

पुढे मित्राबरोबर भाड्याच्या गाळ्यात कंट्रोल पॅनेल बांधायला लागलो. पहिलं काम दोन हातांच्या बटणांचं. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली येतो. नुसती सिरीजमध्ये जोडलेली बटणं कामाची नाहीत, घाईत एखादं पट्टीने बांधून टाकतात. नगावर पैसे मिळणाऱ्या माणसाला मी त्यासाठी बोल लावत नाही. दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळणार नाही, असं सर्किट करणं हे आमचं काम.

मग लाइट कर्टन आला. डायसमोर इन्फ्रारेड किरणांचा पडदा. बोट आडवं आलं की ब्रेक लागतो. पहिलाच पडदा बसवून आम्ही लाकडी काठी आत घालून बघितली. लाल दिवा लागला, पण रॅम खाली आलाच आणि काठीचे दोन तुकडे झाले. प्रेस पिन क्लचची होती. पिन एकदा फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात, बसली की फेरा पूर्ण होतोच, मध्ये थांबणं नाही. मी स्वतः सेटर, मला हे आधीच सुचायला हवं होतं. पडदा उतरवला, ॲडव्हान्स परत केला.

तेव्हापासून कोटेशनच्या आधी प्रेस थांबायला किती वेळ घेते ते मोजतो. हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. पडद्यासकट थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर १४ मिलिमीटर जाडीची वस्तूही ओळखणाऱ्या पडद्याला डायपासून ४०० मिलिमीटर लांब ठेवावं लागतं. ब्रेकचं लायनिंग झिजलं की वेळ वाढतो, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी.

पिन क्लचच्या प्रेसवर पडदा आम्ही लावत नाही. "ऑडिटला दाखवण्यापुरता लावा" म्हणणारे भेटतात, त्या ऑर्डरी गेल्या. तिथे हात आतच जाणार नाही असा फिक्स गार्ड आणि माल सरकवायला च्यूट (घसरण) करून देतो, किंवा हवेच्या दाबावर चालणारा, रॅम मध्येच थांबवू शकणारा न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवा म्हणून सांगतो. खर्च मोठा आहे, मान्य. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं २१ वं कलम धोक्याच्या भागांना आडोसा मागायचं. लाल दिव्याला आडोसा म्हणता येणार नाही.

प्रत्येक पडद्याबरोबर १४ मिलिमीटर जाडीची टेस्टची काठी देतो. शिफ्ट सुरू होताना ती पडद्यात धरून बघायची. काठी ऑपरेटरच्याच हातात देतो, सुपरवायझरच्या कपाटात ठेवू देत नाही.